तेहिल्लिम म्हणू की दवाखाना गाठू?

वाचकांच्या पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या वेषांत येत राहतो. घरात मोठे आजारपण आहे, दुसऱ्या डॉक्टरचे मत घेऊ म्हटले तर घरची वडीलधारी माणसे म्हणतात, देवावर भरवसा नाही का तुमचा? कुणाची नोकरी गेली आहे आणि रोज किती ठिकाणी खेटे घातले म्हणजे आपला वाटा पुरा झाला, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. काहींचा प्रश्न याहून बोचरा असतो: प्रार्थना केली, उपास केले, तरी माणूस वाचला नाही, आमची श्रद्धा कमी पडली का?

आपल्या यहुदी परंपरेत माणसाने स्वतः करायच्या प्रयत्नांना हिश्तादलूत म्हणतात आणि देवावरच्या भरवशाला बिताखोन. या दोहोंचा तोल साधायचा असे आपण ऐकतो आणि मग अर्धे हे, अर्धे ते अशी वाटणी करू पाहतो. पत्र लिहिणाऱ्या बहुतेकांचा गोंधळ या वाटणीतून सुरू होतो. म्हणून शक्य तेवढे तात्त्विक बाजूला ठेवून, त्या त्या प्रसंगी काय करायचे ते पाहू.

सगळ्यात आधी: जिवाला धोका आहे का?

हा प्रश्न बाकी सगळ्या प्रश्नांच्या आधी विचारा. उत्तर 'हो' किंवा 'कदाचित' असेल, तर विचार करायला फारसे काही उरत नाही. जीव वाचवण्यापुढे, म्हणजे पिकुआख नेफेशपुढे, शब्बाथचे नियम बाजूला होतात, आणि धोका नुसता संशयापुरता असला तरी होतात.

- छातीत कळ, धाप लागणे, तोंड वाकडे होणे, जोराचा रक्तस्राव, तान्ह्या बाळाचा चढता ताप: लगेच फोन उचला. महाराष्ट्रात ॲम्ब्युलन्ससाठी 108, इस्राएलमध्ये 101.
- शब्बाथ असेल तर फोन स्वतः करा. शेजारच्या बिगरयहुद्याला हाक मारून त्याच्याकडून फोन करवण्यात वेळ घालवू नका. अशा वेळी पुढे होण्याची जबाबदारी तालमूदाने जाणत्या, थोर माणसांवरच टाकली आहे.
- त्या क्षणी रब्बींना किंवा हझानना विचारत बसू नका. यरुशलेमी तालमूद अशा वेळी विचारत बसणाऱ्याला रक्त सांडणाऱ्याच्या पंगतीला बसवतो. ज्यांना विचारावे लागले, त्यांनाही दोष देतो, कारण त्यांनी लोकांना हे आधीच शिकवून ठेवायला हवे होते.
- जीव देण्याचे विचार मनात येत असतील, तर तोही जिवाचाच धोका आहे. 'तेहिल्लिम (स्तोत्रे) म्हण, बरे वाटेल' असे सांगून अशा माणसाला एकटे सोडू नका. भारतात 14416 ही टेलिमानस सेवा आहे, इस्राएलमध्ये 1201 वर एरानची माणसे बोलतात.
- प्रार्थना ॲम्ब्युलन्सची वाट पाहताना करा, ॲम्ब्युलन्समध्ये बसल्यावर करा. मोशेने बहीण मिर्यामसाठी केलेली प्रार्थना हिब्रूत अवघ्या पाच शब्दांची आहे. तेवढी पुरते.

दारफळणीच्या सणाचा, म्हणजे योम किप्पूरचा प्रश्न दर वर्षी येतो. ज्यांना मधुमेह आहे, मूत्रपिंडाचा त्रास आहे, ज्यांचे नुकते ऑपरेशन झाले आहे, त्यांनी सणाच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना आणि रब्बींना, दोघांनाही विचारून ठेवावे. पुष्कळांना थोडे थोडे, ठरावीक अंतराने खाण्यापिण्याची मुभा मिळते. काहींना तर नेहमीसारखे जेवायलाच सांगितले जाते. शुल्हान आरूख हा धर्मनियमांचा ग्रंथ याहून पुढे जातो. रोगी म्हणाला की मला खायला हवे आणि शंभर वैद्य म्हणाले की गरज नाही, तरी रोग्याचे ऐकायचे, कारण आपल्या देहाचे दुखणे ज्याचे त्याला कळते. आजारी असून हट्टाने उपास काढणाऱ्यांचे आपल्याकडे कौतुक होते. ते थांबले पाहिजे असे मला कळकळीने वाटते. ज्या तोरेने उपास सांगितला, तिनेच जगायला सांगितले आहे.

डॉक्टरकडे जाणे म्हणजे अविश्वास दाखवणे का?

राजा हिज्कीया मरणाच्या दारात होता. यशया संदेष्ट्याने त्याला घरादाराची निरवानिरव करायला सांगितले. हिज्कीयाने भिंतीकडे तोंड फिरवून प्रार्थना केली, आणि ती ऐकली गेली. पंधरा वर्षे वाढवून मिळाली. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पुढचा भाग मात्र आपण सोडून देतो. देवाचा होकार घेऊन आलेल्या त्याच यशयाने अंजिरांचा लेप मागवला आणि तो गळवावर लावायला सांगितला. होकार मिळाल्यावरही औषध लावावेच लागले.

तोरेत मारहाणीच्या भरपाईचा कायदा आहे. जखमी माणसाच्या उपचारांचा खर्च मारणाऱ्याने द्यावा, असे त्यात सांगितले आहे. या शब्दांवरूनच तालमूदाने ठरवले की वैद्याला बरे करण्याची परवानगी देवाने दिली आहे. योसेफ कारोंनी 16व्या शतकात शुल्हान आरूख लिहिताना त्यापुढची पायरी गाठली: उपचार करणे हे वैद्याचे कर्तव्य आहे आणि येत असून तो हात आखडता घेईल तर तो रक्त सांडणारा ठरेल.

थोर रब्बी रामबाम (1138–1204) स्वतः वैद्य होते. औषध घेतल्याने भरवसा कमी होतो असे म्हणणाऱ्यांना त्यांनी साधे उत्तर दिले. भूक लागल्यावर भाकर खाणारा माणूस देवाला सोडतो का? भाकरीसाठी जसे देवाचे आभार मानतो तसेच औषधासाठीही मानावेत.

वाद घालणारे इथे रामबान या दुसऱ्या रब्बींचे नाव पुढे करतात. लोक पूर्ण नीतिमान असतील तेव्हा त्यांना वैद्यांची गरज पडणार नाही, असे रामबानने लिहिले हे खरे आहे. पण रामबान स्वतः वैद्यकी करत होते, आणि वैद्याने उपचार केलेच पाहिजेत असेही त्यांनीच लिहिले. 18व्या शतकातले यरुशलेमचे रब्बी हायिम योसेफ दाविद अझुलाई यांनी हा प्रश्न मिटवला: आजच्या काळात कुणीही चमत्कारावर विसंबू नये, रोग्याने जगरहाटीप्रमाणे वैद्याकडे गेलेच पाहिजे. घरात कुणी रामबानचा दाखला दिला तर एवढे नम्रपणे सांगा.

याचे आपल्या घरचेही उदाहरण आहे. डॉ. जेरुशा झिराड कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या, 1966 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 1925 मध्ये मुंबईत ज्युइश रिलिजस युनियन उभी करणाऱ्यांतही त्या होत्या. बाळंतिणीची खोली आणि प्रार्थनेची जागा यांतली एक निवडावी लागेल, असे त्यांच्या आयुष्यात कुठे दिसत नाही.

पोटापाण्याचा प्रश्न: किती धडपड पुरे?

आजारापेक्षा हा प्रश्न अवघड आहे. आजारात डॉक्टर तरी सांगतो, आता थांबा. नोकरी शोधणाऱ्याला, धंद्यात खोट आलेल्याला तसे कुणी सांगत नाही.

अलेक्झांड्रियाच्या लोकांनी रब्बी येहोशुआ बेन हनानिया यांना बारा प्रश्न विचारले होते, असे तालमूदात आहे. श्रीमंत व्हायला काय करावे, हा त्यांतलाच एक. ते म्हणाले, व्यापार जोमाने करा आणि सचोटीने करा. लोक म्हणाले, तसे पुष्कळांनी केले, पण साधले नाही. मग ज्याची संपत्ती आहे त्याच्याकडे दया मागा, असे ते म्हणाले. यावर तालमूद विचारतो, मग पहिला सल्ला दिला कशाला? आणि सांगतो, एकावाचून दुसरे पुरे पडत नाही म्हणून. इतका लोभस विषय असूनही या उत्तरात यशाची हमी कुठेच नाही. ती नाही म्हणूनच मला ते खरे वाटते.

धडपडीची मर्यादा ठरवायला स्वतःला तीन प्रश्न विचारा.

1. माझ्याच धंद्यातला एखादा समंजस माणूस हे करील का? करील, तर तुम्हीही करा. बायोडेटा नीट लिहिणे, जुन्या साहेबांना फोन करणे, नवे काम शिकणे, हे सगळे त्यात आले. ते न करता नुसते 'देव पाहील' म्हणणे हा भरवसा नाही.
2. यासाठी खोटे बोलावे लागते का, लाच द्यावी लागते का, शब्बाथ मोडावा लागतो का? लागत असेल, तर तो प्रयत्न तुमच्या वाट्याचा नव्हेच. निषिद्ध मार्गाने मिळालेली भाकर तुमच्यासाठी राखलेली नव्हती.
3. हेच काम मी तिसऱ्यांदा करतो आहे ते उपयोग म्हणून, की भीतीपोटी? रात्री दोन वाजता पुन्हा पुन्हा ईमेल उघडून पाहणे हा प्रयत्न नाही. झोपा.

रानात मान्ना पडत असे तेव्हाचा नियम आठवा. रोज बाहेर जाऊन वेचावे लागे. घरात आयते कुणाच्या ताटात येत नसे. अविश्वासाने उद्यासाठी साठवले त्याला किडे लागले. शुक्रवारी दुप्पट मिळे, आणि शनिवारी वेचायला गेलेले रिकाम्या हातांनी परतले. प्रयत्नांची सक्ती आणि त्यांची हद्द, दोन्ही एकाच प्रकरणात सांगितलेली आहेत. कोकणातल्या आपल्या वाडवडिलांनी हे अंगी बाणवले होते. सहा दिवस घाणा चालवायचा, शनिवारी बंद ठेवायचा. लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. गिऱ्हाईक दुसऱ्या तेल्याकडे जाईल ही भीती त्यांनाही असणारच.

नोकरी गेलेल्यांनी आठवड्याची आखणी साधारण अशी करावी:

- सकाळची शाखरीत झाली की कामाला लागा. आठवड्याच्या अमिदा प्रार्थनेतला नववा आशीर्वाद पोटापाण्याचा आहे. तो म्हणताना आपली नेमकी गरज मनात आणा.
- नोकरी गेल्याची गोष्ट लपवू नका. सिनेगॉगमधल्या, नात्यातल्या चार माणसांना स्वतः होऊन सांगा. रामबामनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या, त्यांत सर्वांत वरची पायरी माणसाला काम मिळवून देण्याची, भागीदारी देण्याची किंवा उसने देऊन त्याला पायांवर उभे करण्याची आहे. तुम्ही सांगितलेच नाही, तर हे पुण्य दुसऱ्याने कमवावे कसे?
- काम निवडताना आपला पिंड आणि शरीराची ताकद पाहा. 11व्या शतकात स्पेनमध्ये बाह्या इब्न पाकुदा यांनी 'हृदयाची कर्तव्ये' हा ग्रंथ लिहिला. त्यातल्या भरवशाच्या प्रकरणातही ते सांगतात की आपल्या स्वभावाला आणि देहाला झेपेल असा धंदा धरावा. प्रत्येक मिळेल त्या कामात उडी घेण्याची सक्ती नाही.
- समाजातून बिनव्याजी रक्कम उसनी घेतलीत, तर कागद करा, साक्षीदार ठेवा. सख्ख्या भावाकडून घेतली तरीही. साक्षीदारावाचून कर्ज देऊ नये असे तालमूद बजावतो. कागद मागणे हा अविश्वास नाही, तो नियम आहे.
- शुक्रवारी दिवे लागले की थांबा. उरलेले अर्ज रविवारी.

प्रार्थना कशी, केव्हा, कोणत्या भाषेत

पुष्कळांना वाटते की हिब्रू अडखळत वाचणाऱ्याची प्रार्थना कमी दर्जाची. मिश्नेत स्पष्ट सांगितले आहे की शेमा आणि तेफिला, म्हणजे अमिदा, कोणत्याही भाषेत म्हणता येते. योसेफ एझेकिएल राजपूरकर यांनी 19व्या शतकात प्रार्थनेची किती तरी पुस्तके मराठीत आणलीही. हिब्रू येत असेल तर उत्तम. येत नसेल तर मराठीत, समजून म्हणा.

- आजाऱ्यासाठी अमिदेतल्या आठव्या आशीर्वादात नाव घाला. नाव आईच्या नावासकट घेतात.
- स्वतःच्या कुठल्याही गरजेसाठी सोळाव्या आशीर्वादात, शेमा कोलेनूमध्ये, स्वतःच्या शब्दांत बोलता येते. पुस्तकात छापलेले नाही म्हणून थांबू नका.
- शब्बाथला वैयक्तिक मागणी करत नाहीत. पण त्याच दिवशी जिवाचा धोका असलेल्यासाठी प्रार्थना करायला मुभा आहे.
- मिन्यान जमत नाही ही कोकणातल्या आणि आता मुंबईतल्याही कित्येक सिनेगॉगची अडचण. दहा जण नसतील तर कद्दीश आणि तोरावाचन होत नाही, पण अमिदा आणि तेहिल्लिम एकट्याने म्हणता येतात. मिन्यान नाही म्हणून प्रार्थनाच सोडली, असे करू नका.
- रोग्याची स्वतःची प्रार्थना इतरांनी त्याच्यासाठी केलेल्या प्रार्थनेहून आधी ऐकली जाते, असे तोरेचे भाष्यकार राशी यांनी लिहिले आहे. खाटेवरच्या माणसाला तुम्ही नुसते ऐकवू नका. त्याला झेपेल तेवढे त्यालाच म्हणू द्या.

आणि एक गोष्ट टाळा. प्रार्थना म्हणून झाली की लगेच 'लागू पडली का' हे तपासत बसू नका. तालमूदात ही सवय मनाला खचवणारी म्हणून सांगितली आहे. फळ दिसले नाही तर पुन्हा प्रार्थना करावी, एवढेच तो सांगतो.

नवस बोलण्यापूर्वी

संकटात आपल्या घरांतून पहिल्यांदा तोंडात येतो तो नवस. 'पोरगा बरा होऊ दे, एलियाहू हानाबीचा मलिदा घालू', 'सागावला जाऊन येऊ'. पोहे, ओले खोबरे, साखर, फळे यांचे ते ताट आपल्या समाजाचा फार मोलाचा ठेवा आहे. तो सोडा असे मी कुणाला सांगणार नाही. पण नवस हा तोरेच्या कायद्यातला गंभीर शब्द आहे. बोललेला नवस न फेडण्यापेक्षा न बोललेला बरा, असे शास्त्र बजावते. संकटकाळी नवस बोलायला मात्र शुल्हान आरूखने मुभा ठेवली आहे, कारण याकोबानेही घर सोडून जाताना नवस केला होता.

म्हणून बोलण्यापूर्वी हे पाहा:

- मागणे देवापुढेच करा. एलियाहू हानाबीची आपण आठवण काढतो, त्याचे गीत गातो. देणारा एकच.
- फेडता येईल एवढेच बोला. उसने काढून फेडावा लागणारा नवस बोलू नका.
- दुसऱ्याच्या नावावर बोलू नका. 'बरी झाली तर सून दर गुरुवारी उपास करील' हा नवस तुमचा नाही आणि सुनेचाही नाही.
- नुसती इच्छा बोलून दाखवायची असेल तर सोबत 'ब्ली नेदेर' म्हणा, म्हणजे ती नवस ठरत नाही.
- फेडणे खरोखर अशक्य झाले, तर तीन जाणत्यांपुढे नवस सोडवून घेता येतो. मनात कुढत वर्षानुवर्षे काढू नका.
- नवस बोलला म्हणून उपचार थांबवू नका, लांबवू नका.

नवसाची आपल्यातली सर्वांत मोठी गोष्ट सामाजी हसाजी दिवेकरांची. इंग्रजांच्या फौजेत असताना टिपू सुलतानाच्या कैदेत पडले असता त्यांनी सुटकेसाठी सिनेगॉग बांधण्याचा नवस केला, असे आपल्याकडे सांगतात. मुंबईतल्या मांडवी भागात 1796 मध्ये उभे राहिलेले शाआर हाराहामीम ते हेच. त्या म्हैसूरच्या लढाईचा तह 1784 मध्ये झाला होता. म्हणजे कैदेतले शब्द विटा होऊन उभे राहायला दहाबारा वर्षे लागली असणार. तेवढी वर्षे पैसा जमवणे, जागा मिळवणे, कारागिरांचे पगार भागवणे. मोठा नवस बोलणाऱ्याने एवढा काळ हाताशी धरावा.

फसवे रस्ते

*घडून गेलेली गोष्ट बदलण्याची प्रार्थना.* गावाबाहेरून येताना गावात आक्रोश ऐकू आला, तर तो आपल्या घरचा नसू दे अशी प्रार्थना व्यर्थ होय, असे मिश्ना म्हणते. आक्रोश कुणाच्या घरचा ते ठरून गेलेले असते. आणि ही प्रार्थना संकट शेजाऱ्याच्या घरी ढकलते. बायॉप्सीचा अहवाल छापून पाकिटात बंद झाला असेल, तर त्यातली अक्षरे बदलू देत म्हणू नका. पाकीट उघडायचे धैर्य मागा, नेमका डॉक्टर लवकर भेटू दे म्हणा, उपचार लागू पडू दे म्हणा.

*मोडक्या शिडीवर चढणे.* तालमूदात एक विदारक गोष्ट आहे. वडिलांनी सांगितले म्हणून मुलगा घरट्यातली पिल्ले काढायला शिडीवर चढला. आईवडिलांचा मान राखणे आणि पक्षिणीला आधी उडवून लावणे, या दोन्ही आज्ञांना तोरेने दीर्घायुष्याचे वचन जोडले आहे. मुलगा उतरताना पडून मेला. पुण्य करायला निघालेल्याला इजा होत नाही ना, मग असे कसे? उत्तर येते: शिडी मोडकी होती. जिथे धोका उघड दिसतो तिथे चमत्कारावर विसंबायचे नसते. पुण्याचे काम असले तरी हेल्मेट घाला, सीटबेल्ट लावा, सिनेगॉगच्या जुन्या वायरिंगची तपासणी करून घ्या.

*पैसे घेऊन खात्री देणारे.* अमुक रकमेत चाळीस दिवसांची प्रार्थना, बरे होण्याची हमी, लाल दोरा, ताईत, असले प्रकार फोनवर सर्रास येतात. प्रार्थना कुणालाही करायला सांगता येते आणि दानही जरूर द्यावे. पण निकालाची हमी जो देतो त्याच्याकडे पाठ फिरवा. जखमेवर मंत्रासारखे तोरेचे शब्द पुटपुटणाऱ्यांवर मिश्नेपासून रामबामपर्यंत सगळ्यांनी कडक शब्दांत टीका केली आहे; आत्म्यासाठी दिलेली तोरा ते शरीराचे औषध करू पाहतात, असे रामबाम म्हणतात.

*रोग्याच्या श्रद्धेचे मोजमाप.* 'तुमचा भरवसा पक्का असता तर...' हे वाक्य आजाऱ्यासमोर उच्चारू नका. कुणी तुम्हाला तसे म्हणाले, तर ऐकून घेण्याची गरज नाही. 20व्या शतकातले मोठे पंडित हाझोन ईश यांनी हा गैरसमज खोडून काढला आहे. आपल्याला हवे तसेच होईल अशी खात्री बाळगणे म्हणजे बिताखोन नव्हे. घडते ते वाऱ्यावर सोडलेले नाही, देवाच्या हातून घडते, एवढा त्याचा अर्थ. प्रार्थना करूनही माणूस गेला, तर त्यात घरच्यांच्या श्रद्धेचे अपयश शोधू नये.

तुमचे हक्क

- गरज असताना मदत मागणे हा तुमचा हक्क आहे. शक्य तोवर स्वावलंबी राहा असे रामबाम म्हणतात. पण ज्याचे मदतीवाचून जगणे अशक्य आहे आणि तरी जो मानापोटी घेत नाही, त्याला ते स्वतःच्या जिवाचा अपराधी म्हणतात.
- दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या. इस्राएलमध्ये 1996 च्या रुग्णहक्क कायद्याने हा हक्क दिला आहे. भारतात तुम्ही मागितल्यावर वैद्यकीय कागदपत्रे 72 तासांत द्यावीत असा डॉक्टरांसाठीचा 2002 चा नियम आहे.
- तातडीच्या प्रसंगी जीव वाचवणारे उपचार डॉक्टरांनी नाकारू नयेत, असे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये परमानंद कटारा प्रकरणात सांगितले.
- महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन जा. हीही हिश्तादलूतच आहे.
- कुणी धर्माच्या नावावर औषध बंद करायला सांगितले, तर नकार द्या. सांगणारा कितीही मोठा असो.

संकट दुसऱ्याचे असेल तेव्हा

इथे नियम बदलतो, आणि माझ्या मते या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. भरवसा ही स्वतःच्या संकटात स्वतःला सांगायची गोष्ट आहे. दुसऱ्याच्या संकटात 'देव आहे' म्हणून घरी जाता येत नाही. तिथे सगळे तुमच्यावरच अवलंबून आहे असे समजून हातपाय हलवा.

रब्बी अकिवांचा एक शिष्य आजारी पडला. कुणी विद्वान त्याला भेटायला गेले नाहीत. अकिवा गेले, आणि त्यांच्यामुळे त्या खोलीत झाडलोट झाली, पाणी शिंपडले गेले. शिष्य बरा झाला आणि म्हणाला, तुम्ही मला जगवलेत. अकिवा बाहेर आले आणि त्यांनी शिकवले की आजाऱ्याला भेटायला न जाणे हे रक्त सांडण्यासारखे आहे. त्या खोलीत कुणी कुठली स्तोत्रे म्हटली याचा तालमूद उल्लेख करत नाही, झाडू आणि पाण्याचा करतो. तरीही आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याच्यासाठी दया न मागता परतला त्याची भेट अपुरी, असे रेमांनी शुल्हान आरूखवरच्या टिपणात नोंदवून ठेवले आहे. दोन्ही हवे, पण आधी केर काढा.

भेटायला जाताना काय कराल:

- फोन करून वेळ विचारा. न सांगता धडकू नका.
- फळांपेक्षा डबा न्या, आणि रिकामा डबा परत मागू नका.
- रात्री थांबायला कुणी आहे का हे विचारा. नसेल तर आपली एक रात्र द्या.
- रुग्णालयाचे बिल, विम्याचा अर्ज, औषधांची यादी, यांतले एक काम स्वतःकडे घ्या.
- निघण्यापूर्वी, त्यांची इच्छा असेल तर, नावासकट दोन शब्दांची प्रार्थना करा.

निकाल लागल्यावर

दावीद राजाचे मूल आजारी होते. सात दिवस त्याने अन्न घेतले नाही, जमिनीवर पडून राहिला, देवाकडे याचना करत राहिला. मूल गेल्याचे कळल्यावर उठला, अंघोळ केली, कपडे बदलले, देवाच्या मंदिरात गेला, आणि मग जेवला. चाकरांना ते विचित्र वाटले. त्याचे म्हणणे असे की जिवंत होते तोवर दया येईल अशी आशा होती. आता उपास कशासाठी?

मरण आले की प्रार्थनेचे स्वरूप बदलते, आणि दुःखालाही आपल्याकडे मापे दिली आहेत: रडण्याचे तीन दिवस, शिव्हाचे सात, श्लोशीमचे तीस. या मापांत स्वतःला बसवता आले नाही तर लाज बाळगू नका. रामबामचे धाकटे भाऊ दाविद व्यापारासाठी निघाले असता हिंदी महासागरात बुडाले. रामबाम त्यानंतर सुमारे वर्षभर आजारी होऊन अंथरुणावर होते, आणि हे त्यांनीच पत्रात लिहिले आहे. त्यानंतर घर चालवण्यासाठी त्यांनी वैद्यकी हाती घेतली. शिव्हा संपल्यावर कुणी महिनोन् महिने उठत नसेल, जेवत नसेल, तर त्याला डॉक्टरकडे न्या.

आणि संकट टळले असेल तर बिरकात हागोमेल ही आभाराची प्रार्थना म्हणायची आहे. समुद्र ओलांडून आलेला, वाळवंट पार केलेला, दुखण्यातून उठलेला, कैदेतून सुटलेला, अशा चौघांनी ती म्हणावी असे तालमूद सांगतो. आपण सेफार्दी रीत पाळतो. त्या रीतीप्रमाणे अंथरुणाला खिळवणारे कुठलेही आजारपण यात येते. पूर्ण बरे वाटल्यावर, दहा जणांसमोर, शक्यतो तोरावाचनाच्या वेळी म्हणा. तीन दिवसांच्या आत म्हणणे बरे, पण दिवस उलटले म्हणून सोडू नका; नंतरही चालते. गावात मिन्यान जमत नसेल तर हझानना आधी कळवा, म्हणजे शेजारच्या गावांतून माणसे बोलावून एखादा शब्बाथ ठरवता येईल. जे लोक रात्री रुग्णालयात थांबले, ज्यांनी पैसे उसने दिले, त्यांनाही त्या दिवशी बोलवा.